चपला लपवणाऱ्या पोराविषयी: आमच्या गावच्या मुंबई मंडळाला खुलं पत्र

मा. अध्यक्ष, सचिव आणि सर्व सभासद,
ग्रामविकास मंडळ (मुंबई) आणि गावकर मंडळी यांस,

स. न. वि. वि.

दिवाळी उलटल्यावर मंडळाच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्याचं तुमचं पत्र मला मिळालं. अंगणवाडीत शिस्त उरलेली नाही, असं तुम्ही लिहिलंत. चार वर्षांचा एक मुलगा इतरांना चावतो, शिव्या देतो, चपला चोरतो, तर त्याचं नाव पटावरून कमी करावं, आणि मुलांना वळण लावायला एक कडक बाई नेमावी, तिचा पगार मंडळ देईल, असंही लिहिलंत. याचं उत्तर मी अध्यक्षांना एकट्याला पाठवलं असतं. पण पत्राची प्रत गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडली. पोराचं नाव त्यात नव्हतं, तरी एवढ्याशा गावात नाव लिहावं लागत नाही. त्या पोराची आजी आता रेशनच्या रांगेत कुणाशी बोलत नाही. म्हणून उत्तरही सगळ्यांसमोर देते आहे. त्याच्या आईवडिलांशी फोनवर बोलून, त्यांची परवानगी घेऊनच लिहिते आहे.

देवगड तालुक्यातल्या या खाडीकाठच्या गावात मी 27 वर्षं अंगणवाडी सेविका आहे. तुमच्यातल्या कितीतरी जणांची मुलं माझ्या समोर पाटीवर रेघोट्या मारून मोठी झाली, दोघातिघांना तर मीच पहिल्यांदा 'अ' काढायला शिकवला. त्या हक्कानं बोलते.

तो चावतो हे खरं आहे. माझ्याही मनगटावर त्याचे दात उमटलेत. शिव्या देतो हेही खरं. पण चपला तो चोरत नाही.

ऑक्टोबरातली गोष्ट. भातं पिवळी झाली होती, कापणी तोंडावर आलेली. मुलं घरी सोडायची वेळ झाली, मदतनीस खिचडीचं पातेलं घासत होती आणि माझी एक चप्पल सापडेना. आठवडाभर हेच चाललं होतं. रोज कुणाची तरी एकच चप्पल गायब, दुसरी जागेवर. शोधता शोधता मी आतल्या खोलीत गेले, तर तांदळाच्या रिकाम्या गोणीखाली माझी चप्पल. आणि गोणीवर तो बसलेला, दोन्ही हातांनी गोणीच्या कडा धरून.

मी रागावले नाही. खाली बसले आणि विचारलं, "अरे, ही हयसर कशी इली?"

तो म्हणाला, "तुमी जातल्यात म्हणान."

बराच वेळ तो पुढे बोलला नाही. मग थोडं थोडं बाहेर आलं. उरलेलं त्याच्या आजीनं सांगितलं.

त्याचे आईवडील नालासोपाऱ्याला असतात. एक खोली, दोघंही सकाळी सहाला घराबाहेर, परतेपर्यंत रात्र. पोर दोन वर्षांचं झालं तेव्हा आजीकडे ठेवलं. यात मी त्यांना बोल लावत नाही. तुमच्यातल्या कितीकांचं लहानपण असंच आजीच्या पदराखाली गेलं आहे, आणि शंभर वर्षं कोकणातली घरं मुंबईच्या मनिऑर्डरीवर उभी राहिली आहेत. गेल्या वर्षी गणपतीला आई-बाबा आले, आणि निघायच्या दिवशी शेजारच्या सगळ्या बायकांनी सांगितलं, "पोरगो निजलो काय गुपचूप निघा, उगाच रडात." त्यांनी तसंच केलं. तीन वर्षांचं पोर पहाटे उठलं, अंथरुणात हात फिरवला, तर दोन्ही बाजू रिकाम्या.

यंदा त्यानं झोपायचंच नाही असं ठरवलं. आणि गौरी-गणपती पाण्यात गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, गाडीची वेळ झाली तेव्हा, बाबांची एक चप्पल सापडेना. सगळं घर हुडकलं. खाली रस्त्यावर गाडीवाला हॉर्न मारतोय. शेवटी कुणाच्या तरी लक्षात आलं की हे पोराचं काम आहे. विचारलं तर तो बोलेना. बापाला उशीर होत होता, त्यानं दोन थपडा मारल्या, भावाची चप्पल पायात घातली आणि निघून गेला. त्या दिवसापासून पोराचं अंथरूण रात्री ओलं होतं. अंगणवाडीत चावणं सुरू झालं ते त्याच आठवड्यात. माझ्या वहीत तारीख आहे.

चार वर्षांच्या पोराचा हिशेब साधा होता. चप्पल नाही तर जाणं नाही. माणूस अडवून ठेवायला त्याला सुचलेला एकच उपाय त्यानं केला, आणि त्याबद्दल त्याला मार मिळाला. आता तो आम्हा सगळ्यांवर तोच उपाय करून बघतो आहे.

या प्रकरणावर विचार करताना मला ओरोसच्या एका प्रशिक्षणात ऐकलेलं आठवलं. दुसऱ्या महायुद्धानंतर घरादाराला मुकलेल्या मुलांबद्दल जागतिक आरोग्य संघटनेनं जॉन बोल्बी नावाच्या इंग्रज डॉक्टरांकडून अहवाल लिहून घेतला होता, 1951 साली. लहान मुलाला अन्नाइतकीच एका कायमच्या, मायेच्या माणसाची गरज असते, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्याबरोबर काम करणारे जेम्स रॉबर्टसन इस्पितळात एकट्या ठेवलेल्या लहान मुलांना तासन्‌तास बघत बसायचे. तेव्हा आईवडिलांना आठवड्यातून एखाद्या वेळीच भेटू देत. रॉबर्टसनना दिसलं की मूल आधी आकांत करतं, दाराकडे बघत राहतं, हातपाय आपटतं. मग आकांत संपतो आणि ते मलूल होतं. त्यानंतर ते शांत होतं, खातं, खेळतं, नर्सकडे बघून हसतंही. सगळ्यांना वाटतं, रुळलं. पण आई भेटायला आली की ते तिच्याकडे जातच नाही, अनोळखी बाई आल्यासारखं तोंड फिरवतं. ते रुळणं नव्हे. त्यानं आशा सोडलेली असते.

हे ऐकलं तेव्हा मला आपल्या गावातली किती घरं डोळ्यांसमोर आली म्हणून सांगू! "आता रडणा नाय, सवय झाली तेका," हे वाक्य दरवर्षी गणपतीनंतर आणि मे महिन्यानंतर मी दहा घरांतून ऐकते. शिमग्याला बाप येतो, हात पसरतो, आणि पोर आजीच्या लुगड्याआड जातं. मग लोक हसतात, "बापसाक वळखणा नाय!" त्या वेळी बापाचा चेहरा कसा होतो तो मी बघितलाय. हसण्यासारखं त्यात काही नसतं, ना बापाला ना पोराला.

आजी असते ना, मग बिघडलं कुठे, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे, आजी असते म्हणूनच आपली मुलं तगतात. मुलाला एकच माणूस लागतं असं नाही. रोजचं, न बदलणारं, हाक मारली की ओ देणारं एक माणूस घट्ट असलं तरी मूल पुष्कळ सोसतं. पण आजी आणि आई जर एकमेकींविरुद्ध बोलत असतील तर त्या पोरानं कुणाला धरायचं? आई फोनवर सांगते, "आजीनं लाडावून ठेवलाय." आजी पोरासमोरच शेजारणीला सांगते, "तिका काय, जन्म देवन टाकून गेली." हे शब्द चार वर्षांच्या पोराच्या कानावर पडतात. त्याला अर्थ पुरता कळत नाही, पण आवाज कळतो.

या पोरापुरतं हे पत्र असतं तर मी इथेच थांबले असते. पण तुम्ही 'सगळ्या मुलांना शिस्त राहिली नाही' असं लिहिलंत, म्हणून आणखी एक प्रसंग सांगते. कुणाच्या घरचा ते सांगणार नाही, आणि तशी घरं गावात एक नाही.

आमच्याकडे भातुकलीचा कोपरा आहे. करवंट्या, जुने डबे, नारळाच्या हिराची झाडू. तिथे मुलं काय खेळतात ते मी लिहून ठेवते, कारण मूल तोंडानं सांगत नाही ते खेळात सांगतं. गेल्या वर्षी पाच वर्षांच्या एका मुलीनं खडू घेतला आणि कोपऱ्याच्या बरोबर मधोमध जमिनीवर रेघ ओढली. पलीकडच्या मुलीला म्हणाली, "ह्या आमचा, थंय तुमचा. आमच्या पडवेत येवचा नाय हां." पलीकडची तिची सख्खी चुलत बहीण. ती रेघ ओलांडून करवंटी घ्यायला आली तर हिनं तिचे केस धरून तिला खाली पाडलं. मी सोडवलं, तर रडत म्हणाली, "तेंच्याशी बोललंस तर आजी मारतली."

त्या मूळघराच्या पडवीत दोन वर्षांपूर्वी चिऱ्यांची भिंत उभी राहिली. सातबाऱ्यावर सात नावं, आंब्याच्या कलमांच्या हिश्श्याचा दावा कोर्टात, आणि गणपती मात्र एकच, त्याच घरात. वर्षातले पाच दिवस भिंतीच्या दोन्ही बाजूंची माणसं एका आरतीला उभी राहतात आणि सहाव्या दिवशी पुन्हा तोंडं फिरवतात. मोठ्या माणसांना हे जमतं. मुलांना नाही जमत. पाच दिवस जिच्याबरोबर फुगडी घातली तिला सहाव्या दिवशी पाण्यात कसं बघायचं, हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. ती मग आपल्या परीनं शिकतात, केस ओढून.

त्या मुलीच्या आईला मी बोलावलं तेव्हा ती म्हणाली, "बाई, आम्ही तिच्यासमोर भांडत नाही हो." भांडत नसतील. पण भिंत तर रोज समोर आहे. शिवाय चुलतीनं दिलेला लाडू फेकून द्यायला लावणं, 'पलीकडे काय शिजलंय ते बघून ये' म्हणून पोराला पाठवणं, हे मुलाच्या लेखी भांडणच असतं. तुमच्या भाऊबंदकीत पोरांना टपालवाला करू नका, हे मी हात जोडून सांगते.

पण सगळे वाद मिटवा असं मी म्हणत नाही. ते माझ्या हातात नाही आणि तुमच्याही नसेल. मुलांवर परिणाम करतं ते नुसतं भांडण नव्हे, न मिटणारं भांडण. नवराबायको भांडली, आणि मुलासमोरच नीट बोलू लागली, एकमेकांना चहा दिला, तर मुलाची घालमेल खूपच कमी होते. यावर पुष्कळ अभ्यास झाला आहे, आणि 27 वर्षांत मलाही हेच दिसलं. आपल्या घरांत भांडण होतं मुलासमोर आणि समेट होतो मूल झोपल्यावर. मुलाच्या हिशेबी ते भांडण मग कधी संपलेलंच नसतं.

आता खालच्या वाडीविषयी. तिथले बहुतेक बाप ट्रॉलरवर खलाशी. आठ-दहा महिने समुद्रावर येऊन-जाऊन, आणि 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद म्हणून घरी. बाकीच्या वर्षात घर आई आणि आजी चालवतात, त्यांचे नियम त्यांच्या पद्धतीचे. जूनमध्ये बाप घरी बसतो, पैसा अडलेला, बाहेर मुसळधार पाऊस, आणि त्याला एकाएकी दिसतं की पोर ऐकत नाही. दहा महिन्यांची शिस्त दोन महिन्यांत लावायची असते त्याला. आई मध्ये पडते, त्यावरून दोघांचं वाजतं. काही घरांत दारूही असते, ती लपवण्यात अर्थ नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून माझ्याकडे त्या वाडीची मुलं सकाळी दहा वाजता भिंतीला टेकून पेंगतात. एकीला विचारलं, रात्री झोप नाही का गं? म्हणाली, "बाबा निजल्यार मी निजतंय." पाच वर्षांची मुलगी रात्रीची राखण करते घराची. अपुऱ्या झोपेची, सतत कान टवकारलेली मुलं दिवसा किरकिरी, हातघाईवर येणारी होतात, यात नवल नाही. त्यांना आपण 'द्वाड' म्हणतो.

यावर गावात एकच औषध माहीत आहे, ते म्हणजे मार. आणि मार चालला नाही की दृष्ट काढणं, नाहीतर देवळात गाऱ्हाणं. गाऱ्हाणं घाला, माझा विरोध नाही. पण घरी येऊन पुन्हा तेच चालू राहिलं तर देवानं तरी काय करावं?

हट्टी पोर कसं तयार होतं ते मी आपल्या तिठ्यावरच्या दुकानासमोर रोज बघते. पोर चिप्सचं पाकीट मागतं. आई नाही म्हणते. पोर ओरडतं. आई डोळे वटारते. पोर जमिनीवर लोळतं. चार माणसं बघायला लागतात, आईला शरम वाटते आणि ती पाकीट घेऊन देते. पोर गप्प होतं. त्या दोन मिनिटांत दोघंही शिकतात. पोर शिकतं की लोळलं की मिळतं, आणि आई शिकते की दिलं की सुटका होते. पुढच्या वेळी पोर लवकर लोळतं. आईनं द्यायचं नाही असं ठरवलं तर ते आणखी जोरात लोळतं, शेवटी आईचा हात उठतो, आणि पोर शिकतं की जो जोरात त्याचं चालतं. अमेरिकेत ओरेगॉनला जेराल्ड पॅटरसन नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी घराघरांत माणसं बसवून, मिनिटामिनिटाची नोंद ठेवून हेच दाखवून दिलं. त्यांचं म्हणणं असं की पोरही आईबापांना घडवत असतं, दोघं एकमेकांना त्या गाळात ओढतात. म्हणूनच मी एकट्या आईला दोष देत नाही. पोर बिघडलं की गावात पहिला शब्द निघतो, "आवशीक वळण नाय." ती बाई पाणी भरते, चूल बघते, काजूच्या कारखान्यात जाते, सासूचं ऐकते, आणि संध्याकाळी सहा वाजता लोळणाऱ्या पोराशी लढायची ताकद तिच्यात उरलेली नसते. तिच्या पाठीशी घर उभं राहिलं तर तिचं 'नाही' टिकतं. आई नाही म्हणाली आणि आजीनं मागल्या दारानं दिलं, तर त्या 'नाही'ला किंमत राहत नाही.

म्हणून कडक बाई नको. मी स्वतः नोकरीच्या सुरुवातीला कडक होते. चावणाऱ्या एका मुलाला मी कोपऱ्यात उभा केला होता, अर्धा तास, भिंतीकडे तोंड करून. तो चावायचा थांबला, पण बोलायचाही थांबला. पुढचे तीन महिने त्यानं माझ्याशी शब्द काढला नाही. तो आता मोठा झालाय, भेटला की पाया पडतो, तरी ते तीन महिने मी विसरलेले नाही. शिवाय मार देणाऱ्या बाईला कायदाही उभं राहू देत नाही. शाळेत शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं बंदी आहे, आणि ताब्यातल्या मुलाला मारणं, छळणं हा 2015 च्या बाल न्याय कायद्याखाली गुन्हा आहे, तुरुंगवासाचा. मंडळानं पगार देऊन असं माणूस गावात आणू नये.

सगळं घरामुळेच होतं असंही नाही. एक मुलगी आमच्याकडे होती, हाक मारली तर ढिम्म, चिडली तर ढकलायची. सगळे हट्टी म्हणायचे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणीला येतं, त्यांच्या लक्षात आलं की तिचे दोन्ही कान वाहतात, तिला अर्धंच ऐकू येतं. काही मुलांचं बोलणं उशिरा येतं, काही स्वमग्न असतात, काही जन्मतःच तापट, चटकन घाबरणारी. म्हणून मी प्रत्येक वेळी आधी कान, झोप, जंत, रक्त हे बघते. चपला लपवणाऱ्या आपल्या पोरालाही पथकाच्या डॉक्टरांनी तपासलं आहे. तो धडधाकट आहे. त्याला ऐकू येतं, जरा जास्तच येतं.

अंगणवाडीच्या बाईनं घरातल्या भानगडीत कशाला पडायचं, असं कुणी विचारेल, विचारलंही आहे. त्याला माझ्याकडे जुनं उत्तर आहे. आपल्याच कोकणपट्टीच्या वरच्या टोकाला, बोर्डीला, 1945 साली ताराबाई मोडकांनी गावातल्या मुलांसाठी काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. वस्तीतली मुलं शाळेपर्यंत येत नाहीत हे दिसल्यावर त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. सरकारची योजना 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली, तीस वर्षांनंतर. अंगण हे घराचंच असतं. तिथे बसलेल्या बाईला घरातला आवाज ऐकू येणारच, आणि तिनं कान झाकून नुसती खिचडी वाटावी, अशी त्यांची कल्पना खचितच नव्हती.

आता तुमच्याकडे मागायचं ते मागते.

त्या पोराचं नाव मी कमी करणार नाही. काढलं तर त्याला सोडून जाणाऱ्या माणसांत आणखी एकीची भर पडेल, आणि तो पुढच्या माणसाची चप्पल लपवील. सध्या आम्ही असं करतो: सुटायच्या वेळी माझी चप्पल त्याच्या ताब्यात असते. तोच ती आणून देतो, मी ती त्याच्यासमोर घालते आणि सांगते, "आता मी जातंय, उद्या दहा वाजता येतंय." आणि उद्या दहाला येते. तापातसुद्धा आले एक दिवस, दारात उभी राहून परत गेले, पण आले. नोव्हेंबरच्या अखेरीपासून इतर मुलांच्या चपला जागेवर आहेत. चावणं थांबलेलं नाही, पण आठवड्याला एखाद्या वेळेवर आलं आहे.

तुम्ही मुंबईकरांनी एवढं करा. निघताना पोराला सांगून निघा. आदल्या दिवशी सांगा, निघायच्या वेळी पुन्हा सांगा, त्याला जवळ घ्या, रडू द्या. ते रडणं बघवत नाही म्हणून आपण चोरून जातो. तो त्रास आपण टाळतो आणि पोरावर टाकतो. सांगून गेलेला माणूस परत येईल असं पोराला वाटतं. न सांगता गेलेला कधीही नाहीसा होऊ शकतो, म्हणून ते रात्री जागतं, दिवसा पदर सोडत नाही. परत कधी येणार ते 'लवकर' म्हणून सांगू नका, मुलाला लवकर कळत नाही. 'शिमग्याची पालखी घरी येईल तेव्हा' असं सांगा.

फोन रोज नको, पण ठरल्या वेळी हवा. सड्यावर, वरच्या कातळपठारावर, गेल्याशिवाय रेंज नसते हे मला माहीत आहे. म्हणूनच आजी पोराला घेऊन बुधवारी-रविवारी संध्याकाळी वर चढते, आणि फोन लागत नाही, किंवा लागतो तेव्हा बाप दुसऱ्याशी बोलत असतो. त्या दहा मिनिटांत अभ्यास, वजन, आजीच्या तक्रारी काही विचारू नका. आज काय खेळलास, माडावरची घार दिसली काय, एवढंच बोला. आणि आजीशी तुमचं काही बिनसलं असेल तर ते पोराला खाली पाठवून बोला.

खालच्या वाडीतल्या बापांना मी वेगळं भेटणार आहे. जूनमध्ये नव्हे, तेव्हा उशीर होतो. एप्रिलमध्ये, बोट बंदरात लागेल त्या दिवशी. बंदीत घरी आल्यावर पहिला आठवडा पोरावर हुकूम नको, त्याच्याबरोबर नुसतं जाळं विणत बसा, एवढंच सांगायचं आहे मला.

आणि मंडळानं कडक बाईच्या पगारासाठी जे पैसे काढायचे ठरवले, त्यातून दोन गोष्टी होतील. ज्या मुलांना खरंच डॉक्टर दाखवायला हवेत त्यांच्या घरच्यांना ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात जायला गाडीभाडं द्या. दोन एसट्या बदलून, दिवसाची मजुरी बुडवून कुणी जात नाही, मग कागद माझ्या फाइलीत राहतो. आणि शिमग्यात, पालखी वाड्यांत फिरायच्या आधीच्या रविवारी, एक सकाळ मला द्या. तुमची सभा देवळात होते, कमानीच्या रंगावर दोन-दोन तास चालते. ती संपल्यावर लहान मुलांचे आईबाप, आजी-आजोबा, काका, आत्या सगळ्यांनी अंगणवाडीत यावं. चहा मी करीन. भाषण नाही. मुलं आपला खेळ खेळतील आणि तुम्ही शेजारी बसून बघायचं, एवढंच. खडूची ती रेघ ज्यांच्या घरची आहे त्यांनी दोन्ही बाजूंनी यावं.

त्या पोराच्या वडिलांनाही मी बोलावलं आहे. फोनवर ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "बाई, माका ठावकच नव्हता तो कित्याक लपवता ता." त्यांची चप्पल गेल्या आठवड्यात सापडली. पावसाळ्यासाठी रचलेली लाकडं संपत आली, तेव्हा खोपीत अगदी तळाशी आजीला मिळाली, वाळवी लागायची थोडक्यात राहिलेली. आजी ती टाकून देणार होती, मी मागून घेतली. धुऊन, वाळवून अंगणवाडीच्या कपाटात ठेवली आहे, त्याला माहीत आहे कुठे ती. वडील आले की तो स्वतः काढून देणार आहे, असं आमचं ठरलंय.

आपली,
गावची अंगणवाडी सेविका